आवाजाची चौकशी

वाघमारे काकांकडे चहाला गेलं, की चहाआधी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसावं लागतं. हायवेच्या फाट्यापर्यंत जाऊन यायचं, कान उघडे ठेवायचे आणि परत आल्यावर ओट्यावर बसून बयान द्यायचं, म्हणजे काय ऐकलं त्याचा जबाब. बयान पटलं तर चहा गोड येतो. नाही पटलं तर काका उठून उभे राहतात. "पुना चला मौक्यावर!" तेलंगणातल्या आमच्या बोथ गावात असं बयान न दिलेला पुरुष शोधून सापडायचा नाही. मी तर शेजारी, शिवाय शाळामास्तर, म्हणजे हक्काचा साक्षीदार.

भानगड एवढीच, की काकांच्या जुन्या गाडीतून एक आवाज येतो. टिर्र-खट्. थोडं गेलं की पुन्हा टिर्र-खट्. वेग वाढवला की तोही वाढतो. घरी आणून स्टँडवर लावा, हवी तेवढी रेस द्या, गाडी शहाण्या पोरासारखी गप्प.

काकांची सगळी नोकरी मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, जमिनीच्या तंट्यांमध्ये गेली. निवृत्त झाले, पण मौका म्हणजे जागा, मुआयना म्हणजे पाहणी आणि बयान, हे शब्द काही खुर्चीबरोबर ऑफिसात राहिले नाहीत. "आवाज इंजिनातच हाय," असा निकाल त्यांनी पहिल्याच दिवशी दिला आणि मग चौकशी सुरू केली. त्यामुळे मेकॅनिक राजन्नाने तीनदा इंजिन खोललं आणि तीनदा बंद केलं. "एमी लेदु सार," तो रडकुंडीला येऊन सांगायचा, "इंजन में कुछ भी नहीं है." एकदा बिचारा मागच्या चाकाकडे वाकून बघायला लागला, तर काका कडाडले, "हद्दीबाहेर जाऊ नको! हद्द इंजिनची हाय."

बियाण्यांच्या दुकानदाराने एकदा खरं ते सांगितलं, की मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. काकांनी त्याला बिनसाखरेचा चहा पाजला. "फितूर साक्षीदार हाय हा, सर," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले. तेव्हापासून मी प्रत्येक फेरीला आवाज ऐकतो. आता तर मला तो झोपेतही येतो.

ही गाडी पूर्वी फारशी बाहेर निघत नसे. ऑफिसला काका पायी जायचे. "सरकारी कामाले आपलं पेट्रोल काऊन जाळू?" गाडी निघायची ती काकू सोबत असतील तेव्हाच. बाजाराला, लग्नकार्याला, आणि वर्षातून दोनदा थेट मंचेरियलला, मुलीकडे. एवढ्या लांब या खटाऱ्यावर कशाला जाता, बस नाही का, असं मी विचारलं की काकूच काकांकडे बघत हसून म्हणायच्या, "बशीत यायले बोलता येत नाई, सर. मंग यायचं पोट दुखते." काका पुढून अखंड बोलणार आणि काकू मागून फक्त हूं हूं म्हणणार, असा तो प्रवास.

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत काकू आजारी पडल्या आणि बघता बघता गेल्या. गाडी कित्येक महिने ताडपत्रीखाली पडून होती. काकांनी ती काढली आणि त्याच दिवशी त्यांना तो आवाज सापडला.

इकडे मंचेरियलला मुलगी राजश्री बाळंत झाली. बाळ बसायला लागलं तरी आजोबांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तिचा फोन आला की काका घसा खाकरून सांगायचे, "चौकशी चालू हाय. मुख्यालय सोडता येत नाई." शेवटी तिने मलाच फोन केला.

"दादा, बाबाले पाठवा नं. आई गेल्यापासून एकदा बी नाई आले. बाळ त्यायले ओळखन तरी का?"

ती रडत होती. आतापर्यंत या चौकशीची मला गंमत वाटत होती. त्या दिवशी मात्र काकांचा राग आला. घरात सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, तर ती हातातलं लाटणं ठेवून तडक त्यांच्या ओट्यावर गेली. मी मागोमाग.

"काका, गाडी काढा. मी बसते."

काका गडबडले. बाईमाणसाला साक्षीला ओढायचं नाही, हा त्यांचा जुना नियम. "तुमी कायले, बाई..."

"मी बसते. आवाज आला तर आला म्हणीन. नाई आला तरी उद्या तुमी मंचेरियलले निघायचं."

सुनंदापुढे माझं कधी चाललं नाही, काकांचं काय चालणार? ती साडी सावरून एका बाजूला पाय सोडून बसली आणि दोघं फाट्याकडे गेले.

परत आले तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गाडी बंद केली, पण ते उतरले नाहीत.

"आवाज नाई आला," ते म्हणाले.

तिला उतरवून ते एकटेच कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. टिर्र-खट्. मला उभ्या जागी ऐकू आलं. पुन्हा तिला बसवून नेलं. गाडी गप्प! मग मला बसवलं. टिर्र-खट्, टिर्र-खट्. आता मला खरोखर हसू यायला लागलं होतं.

सुनंदा मात्र खाली वाकून बघत होती. "काका, माझा पाय याच्यावर होता," ती म्हणाली आणि डाव्या बाजूची लोखंडी पट्टी तिने हाताने हलवली. एका बाजूने बसणाऱ्या बायका पाय ठेवतात, ती पट्टी. टिर्र-खट्. तळव्याने दाबून धरली, आवाज गेला. आम्ही पुरुष दोन्हीकडे पाय टाकून बसणारे. त्या पट्टीला आमचा पाय कधी लागलाच नव्हता.

राजन्नाला बोलावलं. त्याने कपाळावर हात मारला आणि लगेच पाना काढला. "सार, नट पूरा घिस गया. निकाल देतूं. अब ये किसकू होना?"

पट्टीच काढून टाकतो, आता ती कुणाला हवी, असं तो सहज बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

"हात नोको लावू," काका हळूच म्हणाले.

ते ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ त्या पट्टीकडे बघत होते. "मी इंजिन खोलून राह्यलो, सर," ते म्हणाले, "अन् तिचा पाय तिथं होता. इतकी वर्सं तिनं दाबून धरलं ते." सुनंदा आत गेली आणि काकांच्या स्वयंपाकघरात तिने चहा ठेवला. साखर जरा जास्तच पडली, पण कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मंचेरियलला निघाले. बसने जा म्हणून मी सांगून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. कोपऱ्यावरून वळेपर्यंत टिर्र-खट् ऐकू येत होतं.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. मागे बाळ किंचाळत होतं आणि काका त्याच्याहून मोठ्याने बोलत होते.

"सर, राजश्रीले मागं बसवून बाजारात नेलं. तशीच बसते, आईसारखी. आवाज एकदम बंद!"

"छान झालं. आता तिथल्या एखाद्या मेकॅनिककडून तेवढा नट बदलून घ्या, म्हणजे झालं."

"काऊन बदलायचा?" काका म्हणाले. "मागं कोनी हाय का नाई, तेवढं तर समजते नं मले. येताना रस्ताभर बोलत आलो, सर. मंधात मंधात ते टिर्र-खट् करे. हूं हूं म्हणल्यावानी."