फळ्यावरची सहनशीलता

सोमवारी सकाळी दाताच्या दवाखान्यातून तीन पेशंट पळाले. पहिल्या दोघांनी निदान फोन आल्याचं सोंग तरी केलं. तिसरा उठला, दाराशी गेला आणि सरळ जिना उतरून दिसेनासा झाला. नंबरची चिठ्ठी मात्र प्रामाणिकपणे खुर्चीवर ठेवून गेला होता.

दोष कोणाचाच नव्हता. आतली खोली आणि बाहेरची खोली यांच्या मधे लाकडाची एक पातळ भिंत होती. आत मशीन सुरू झालं की त्याचा आवाज बाहेर बसलेल्यांच्या थेट दाढेत शिरायचा. दुखणारा दात अचानक बरा वाटू लागायचा आणि माणूस काढता पाय घ्यायचा.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. टेबलामागे बसलेल्या बाईंना म्हणाले, "चौथ्या नंबरला पाठवा."

"चौथा नंबर गेला, डॉक्टर."

"पाचवा?"

"पाचवा चौथ्याला शोधायला गेलाय. दोघं भाऊ आहेत."

डॉक्टर हसले नाहीत. हातमोजे काढत हळू आवाजात म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत हे असंच राहिलं, तर बाहेर माणूस बसवून मी करू काय?"

म्हणजे बाईंची नोकरी जाणार होती. अकरा वर्षं त्या टेबलामागे बसत होत्या. चिठ्ठ्या फाडायच्या, नंबर पुकारायचे, घाबरलेल्याला पाणी द्यायचं. काम तसं लहान, पण त्यांना ते मनापासून आवडायचं. या वयात दुसरीकडे कोण ठेवणार, हाही प्रश्न होताच.

घरी भाची परीक्षेच्या आधी रडायला लागली की बाई तिला एक मोठा शब्द द्यायच्या आणि त्याच्या अक्षरांतून लहान शब्द करायला सांगायच्या. पाचव्या शब्दाला रडू थांबायचं. जे भाचीला लागू पडतं ते पेशंटला का पडू नये? मंगळवारी त्यांनी माळ्यावरचा जुना फळा पुसून भिंतीला टांगला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सहनशीलता. खाली लिहिलं, 'यातून किती शब्द होतात?'

पहिली पाच मिनिटं कोणी बघितलं नाही. मग कोपऱ्यातला बसचा ड्रायव्हर सुजलेला गाल हाताने धरून पुटपुटला, "सहल."

"ताल," एक आजीबाई म्हणाल्या. "आणि तास. आणि लस."

"नस," ड्रायव्हर म्हणाला. आत मशीन सुरू झालं होतं. त्याला पत्ताही नव्हता.

"तहान!" खिडकीजवळचा शिंपी ओरडला.

"ह-ला काना नाहीये," आजीबाईंनी त्याला अडवलं.

"मग ता-चा काढून लावा की! तिथे नुसता पडून आहे."

यावर दोन मतं पडली. बाईंनी निकाल दिला, की ज्याचा काना त्याच्याकडेच राहील. त्या दिवशी एकही माणूस पळाला नाही. बाई संध्याकाळी घरी गेल्या त्या गुणगुणतच.

बुधवारी नवी अडचण उभी राहिली. कोणी पळत नव्हतं हे खरं, पण कोणी आतही जात नव्हतं.

"दोन नंबर!" बाईंनी पुकारलं.

"यांना पाठवा. माझे आत्ताशी सातच झालेत."

"मी कशी जाऊ? माझ्या तोंडावर आलाय एक शब्द."

"तोंडावर आलाय तर आत जाऊन तोंड उघडा, डॉक्टर काढतील," बाई म्हणाल्या. कोणी हललं नाही. आत डॉक्टर हातमोजे चढवून रिकाम्या खुर्चीशेजारी उभे होते. तासाभराने त्यांनी दार उघडून पाहिलं. बाहेर बसायला जागा नव्हती आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

त्यात खेळाची बातमी गल्लीत पसरली. ज्यांचे दात शाबूत होते तेही येऊन बसू लागले आणि खऱ्या पेशंटांना उभं राहावं लागलं. बाईंनी नियम केला: ज्याच्याकडे चिठ्ठी असेल त्याचाच शब्द नावासकट फळ्यावर चढेल. वाटलं, आता गर्दी हटेल. झालं उलटंच. सगळ्यांनी चिठ्ठ्या घेतल्या. निवृत्त पोस्टमास्तरही घेऊन आले. त्यांच्या तोंडात वर आणि खाली मिळून सगळी कवळीच होती.

"मास्तर, तुमची तक्रार काय लिहू?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी फळ्याकडे एकदा बघून घेतलं. "जुन्या दातांच्या आठवणीने बरं वाटत नाही, असं लिहा."

पुढच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर नवा शब्द लिहिला, 'समाजसुधारक'. ड्रायव्हरला बाईंनी अक्षरशः दंडाला धरून आत नेऊन बसवलं. डॉक्टरांनी त्याची दाढ कोरायला घेतली आणि मधेच तो हातपाय झाडत "आऽऽ आऽऽ" करू लागला. डॉक्टर घाबरले. दुखतंय असं समजून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. बिचाऱ्याला दुखत काहीच नव्हतं, 'सुरस' सुचला होता. बधिर ओठांनी तो धावत बाहेर आला आणि खूप वेळ नुसती हवा फुंकत राहिला. तेवढ्यात आजीबाईंनी तोच शब्द सांगून आपलं नाव फळ्यावर चढवलं. ड्रायव्हरच्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते दाढेचं नव्हतं.

महिना संपायला आठ दिवस उरले होते. बाईंना झोप लागेना. फळा काढला तर माणसं पळणार, ठेवला तर आत जाणार नाहीत. विचार करकरून त्यांना एक युक्ती सुचली. सकाळी लवकर येऊन त्या स्टुलावर चढल्या आणि आपल्याला सापडलेल्या सगळ्या शब्दांची यादी आतल्या खुर्चीच्या बरोबर वर, छताला चिकटवून टाकली. खुर्चीत आडवं पडून मान मागे टाकल्याशिवाय तिचं एक अक्षर दिसत नव्हतं.

बाहेर त्यांनी एवढंच सांगितलं, "उत्तरं आत आहेत."

आधी कोण जाणार यावरून भांडणं झाली. लोक खुर्चीत पडायचे, आपणहून आ वासायचे आणि वर बघत राहायचे. डॉक्टरांनी तोंडात काय केलं याकडे त्यांचं लक्षच नसायचं. उलट उठायलाच तयार नसायचे. शिंपी म्हणाला, "डॉक्टर, शेजारचाही दात बघून टाका."

"तो चांगला आहे."

"असू दे हो. दोन ओळी राहिल्यात."

जाताना प्रत्येक जण आपल्याला किती शब्द सुचले होते तो आकडा डॉक्टरांना सांगून जाई. कोणाचे बारा, कोणाचे सोळा. डॉक्टर मान डोलवत. दिवसभर ते खाली वाकून दुसऱ्यांच्या जबड्यात बघत असत. वर बघायची सवड फक्त त्यांनाच नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि टेबलासमोर उभे राहिले. चेहरा गंभीर होता. बाईंनी पदर सावरला आणि वाईट ऐकायची तयारी केली.

"बाई, बाहेरच्या माणसाबद्दल मी बोललो होतो."

"हो, डॉक्टर."

"ते विसरून जा." त्यांनी घसा खाकरला. "दुसरं एक होतं. आत्ता तुमची यादी मी खुर्चीत पडून वाचली. 'समाजसुधारक'मधे 'धाक' होतो. तुमच्या यादीत नाही."

बाईंनी मनातल्या मनात अक्षरं जुळवली. "खरंच की! कोणालाच सुचला नाही."

"मग फळ्यावर माझं नाव लिहा."

बाईंना अवघडल्यासारखं झालं. अकरा वर्षांत त्यांनी डॉक्टरांना कधी नाही म्हटलं नव्हतं. "डॉक्टर, चिठ्ठी लागते."

"मला?"

"काल मास्तरांच्या मुलालाही मी नाही म्हटलं."

 डॉक्टर पेशंटसाठीच्या बाहेरच्या खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "बरं. द्या एक. उद्याची."

बाईंनी वही उघडली, तीन पानं उलटली. "उद्या जमणार नाही. पंधरा तारखेला साडेदहा, चालेल?"

"तोवर कोणाला तरी सुचेल ना हो!"

"मी कोणाला बोलणार नाही." बाईंनी चिठ्ठी फाडली. "पण त्या वेळी आत कोण बघणार?"

"अर्धा तास आतलं काम बंद राहील. बाहेर कोणी तक्रार करेल असं मला वाटत नाही."

ते बाईंनाही पटलं. चिठ्ठी त्यांच्या हातात देत त्या सवयीने म्हणाल्या, "दहा मिनिटं आधी येऊन बसा."

"मी इथेच असतो, बाई."

"तरीही," बाई म्हणाल्या, आणि वहीत त्यांचं नाव मास्तरांच्या खाली लिहून टाकलं.