न्या पा दो

अश्लेषा एखादी गोष्ट मनावर घेते तेव्हा घरातली भांडीसुद्धा सावरून बसतात. त्यामुळे "यंदा फ्रेंचची सी-वन परीक्षा मी पहिल्या फटक्यात काढणार" असं तिनं जाहीर केलं, तेव्हा नवरा श्रीनिवास एवढंच म्हणाला, "काढ. फक्त मृण्मयीला झोपवून काढ."

मृण्मयी त्यांची लेक, अजून दात यायचे होते. पण अटी एखाद्या वकिलासारख्या. पाळणा नको, मांडी नको. आईच्या खांद्यावर मान टाकायची, आईनं येरझाऱ्या घालायच्या आणि सतत काहीतरी बोलायचं. आई थांबली की लेक डोळे उघडून अशी बघायची, जणू भाषण ऐकायला तिकीट काढून आलीय. अंगाया संपल्या, रामरक्षा संपली, तेव्हा अश्लेषानं फ्रेंच सुरू केलं. लेक गाढ झोपली. आईच्या गळ्यावर तिचा कोमट श्वास आणि आईच्या तोंडी फ्रेंच क्रियापदं, असा अभ्यास सुरू झाला.

गरज खरी होती. बिडकीनजवळच्या एका कारखान्यात फ्रान्सहून यंत्रं आली होती, यंत्रांमागून इंजिनियर आले होते, आणि ते काय म्हणतात ते कुणाला कळत नव्हतं. दुभाषी हवी होती. साहेबांनी अश्लेषाला सांगितलं होतं, "सी-वनचं सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची." बाळंतपणात सुटलेली नोकरी अशी दारात चालून आली होती. नापास झाली तर खुर्ची दुसऱ्या कुणाची.

लेखी तिचं चोख होतं. घोडं अडायचं ते बोलण्यात. औरंगपुऱ्यातल्या क्लासच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहिता झकास, पण तोंड उघडताना दातखीळ बसते. एक विषय घ्या आणि जीभ झिजेपर्यंत घोटा."

विषय शोधायला लांब जायला नको होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. शहर मात्र देवळाईच्या डोंगरापर्यंत फोफावलं होतं. तिथं आधी घरं आली, मागून रस्ता आला, पाइपलाइन अजून येतच होती. अश्लेषाच्या रो-हाऊसच्या अंगणात, वरच्या गॅलरीतून दिसायचा नाही असा, हौद होता आणि तो विकतच्या टँकरनं भरायचा. तिनं विषय घेतला 'आमच्या शहरातली पाणीटंचाई'. पहिलंच वाक्य, पाणी नाही. फ्रेंचमध्ये, 'इल न्या पा दो.' क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, महत्त्वाचं वाक्य ठासून म्हणा, पुन्हा पुन्हा म्हणा.

संध्याकाळी लेकीला खांद्यावर टाकून ती वरच्या गॅलरीत आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ठासून म्हणाली, "इल न्या पा दो."

खालून साळूबाई चालली होती. मूळची देवगाव रंगारीची, मुलाच्या नोकरीपायी शहरात आलेली, मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. सरकारी टँकर चुकला होता, काखेत रिकामा हंडा, डोक्यावर दुसरा. तिनं मान वर केली.

"मला म्हनता का बाई?"

अश्लेषाला बोलणं थांबवता येत नव्हतं, नाहीतर लेक उठली असती. तिनं हसून मान हलवली आणि पुन्हा म्हणाली, "न्या पा दो."

न्या, पण दोन. मराठी थोडी, दखनी थोडी, पण अर्थ लख्ख होता. साळूबाईनं अंगणात येऊन हौदाचं झाकण सरकवलं, दोन हंडे भरले, आणि जाता जाता वर हात करून म्हणाली, "लेकरू मोठं होवो तुमचं." अश्लेषाला वाटलं, काय प्रेमळ बाई आहे, उगीच आशीर्वाद देते.

दुसऱ्या दिवशी सहाजणी आल्या. तिसऱ्या दिवशी रांग लागली. अश्लेषाला वाटलं, लोकांना फ्रेंचची गोडी लागली. तिचा आवाज आणखी खुलला. श्रोते दिसले की वक्त्याचं असंच होतं.

आठवडाभराचा हौद तिसऱ्या दिवशीच कोरडा पडला तेव्हा श्रीनिवासनं प्लंबर आणला. प्लंबर हौदात उतरला, भिंतींवर थापा मारल्या आणि वर येऊन म्हणाला, "हौद एकदम टणाटण आहे. पाणी पीत असंल तर मानूस पीत असंल." श्रीनिवासनं दुसरा टँकर मागवला आणि संध्याकाळी ऑफिसातून लवकर येऊन गाडीच्या आड दबा धरून बसला.

रांग आली. सगळ्यात मागं कडूबा रिक्षावाला, त्याच्याकडं तीन हंडे. साळूबाईनं त्याला तिथंच अडवलं.

"तिसरा ठेव खाली. बाईनं दोन सांगितलंय."

"अगं मावशी, पाव्हणे आलेत घरी."

"पाव्हण्याला सांग, बाईचा कायदा हाय."

श्रीनिवास आडोशातून बाहेर आला. "कुठल्या बाईनं सांगितलं?"

"वैनींनीच की, भाऊ," कडूबा आदबीनं म्हणाला. "रोज सांगत्यात. आज तर चार डाव सांगितलं."

तेवढ्यात वरून पाचव्यांदा आलं, "इल न्या पा दो."

"ऐका," कडूबा म्हणाला.

श्रीनिवास वर गेला. लेक खांद्यावर असल्यामुळं भांडणसुद्धा कुजबुजत करावं लागलं.

"तू लोकांना पाणी वाटतेयस?"

"मी पाणी नाही म्हणतेय."

"तू न्या म्हणतेयस."

अश्लेषानं वाक्य मनात एकदा मराठी कानानं ऐकलं आणि मटकन खाली बसली. लेक उठली.

आता खाली जाऊन सांगायचं कसं? ज्यांनी लेकराला रोज आशीर्वाद दिले त्यांना काय म्हणायचं, की बाई, ते तुम्हाला नव्हतं? तिची जीभ फ्रेंचमध्ये अडखळायची त्याहून जास्त मराठीत अडखळली.

श्रीनिवासनं तोडगा काढला. "नाही, नाही, कशाला म्हणतेस? आहे म्हण. पाणी आहे, जपून वापरा. परीक्षकांनाही बरं वाटेल."

तिनं रातोरात भाषण फिरवलं. दुसऱ्या संध्याकाळी गॅलरीत येऊन नवं वाक्य ठासून म्हणाली, "इल या द लो." पाणी आहे.

खाली रांगेतल्या माना वर झाल्या. मग साळूबाई मागं वळून ओरडली, "आज दोनचा कायदा उठला गं! या, लो, म्हनत्यात!"

त्या संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतले लोकही आले. एकानं ड्रम आणला. फ्रेंच लोकांनी पाण्याबद्दल दोनच वाक्यं केली असावीत, एकात गिऱ्हाईक बोलवायचं आणि दुसऱ्यात माल उचलायला सांगायचा.

शेवटी अश्लेषा रडवेली होऊन खाली उतरली आणि साळूबाईला सगळं सांगितलं. परीक्षा, नोकरी, न्या, या, लो. साळूबाईनं ड्रमवाल्याला परत पाठवलं आणि गालावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे आमी तुमचा अभ्यास भरून नेला व्हय? द्या ते लेकरू हिकडं. तुमी आत बसा, खिडकी लावून घ्या आन् काय बोलायचं ते बोला."

तेव्हापासून साळूबाई मृण्मयीला अंगणात फिरवायची आणि अखंड बोलायची, देवगावच्या कापसाबद्दल, सुनेबद्दल, सुनेच्या माहेराबद्दल. लेक दुप्पट झोपायला लागली. अभ्यास चालेल तोवर गल्लीला दोन हंडे, हा कायदा मात्र अश्लेषानं तसाच ठेवला. अश्लेषा आत, खिडकी घट्ट लावून, घामानं निथळत पाणीटंचाईवर बोलायची. खिडकी लावल्याशिवाय तिच्या तोंडून ते वाक्य बाहेरच पडेना.

परीक्षा पुण्यात झाली. चिठ्ठीत विषय निघाला शहरांची वाढ. अश्लेषा अशी बोलली की क्लासच्या बाईंनी ओवाळलं असतं. दोघं परीक्षक माना डोलवत होते. मग त्यातल्या फ्रेंच गृहस्थांनी सहज विचारलं, "तुमच्या त्या नव्या वस्तीत पाणी आहे का?"

अश्लेषा उठली. खिडकीपाशी गेली, बाहेर डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, दोन्ही दारं लावून कडी घातली, जागेवर परत आली आणि हळूच म्हणाली, "इल न्या पा दो."

मग अर्थातच खिडकी का लावली हे सांगावं लागलं. सगळं, फ्रेंचमध्ये, ड्रमसकट. फ्रेंच गृहस्थ डोळे पुसत होते. शेजारच्या मराठी परीक्षकबाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. वेळ संपल्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

निकाल लागला. अश्लेषा पास, तोंडीत तर भरघोस. ती पेढे घेऊन धावतच साळूबाईच्या दारात गेली. साळूबाईनं पेढा तोंडात टाकला, अश्लेषावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि मग एकदम तिचा चेहरा उतरला.

"मंग आता ते बोलनं बंद का?"

"बंदच की, साळूबाई. झाली ना परीक्षा."

साळूबाईनं कोपऱ्यातल्या हंड्यांकडं बघितलं, पेढा गिळला आणि अगदी जवळ येऊन विचारलं, "हिच्या वरची एखांदी नसती का?"

अश्लेषाला खोटं बोलता येत नाही. "आहे," ती म्हणाली. "सी-टू."

"हाय म्हनं गं!" साळूबाईनं गल्लीत आवाज दिला.