वसंतकाकांची हरकत

वसंतकाकांना साधा चहा विचारला तरी ते आधी पायाखाली बघतात. आपण उभे आहोत तो प्रभाग चार की पाच, याची खात्री झाली की मग म्हणतात, "चालते. पन अर्धाच." आर्णीतली आमची गल्ली एवढीशी, की दोन ऑटो समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं. नगरपरिषदेच्या प्रभागांची हद्द नेमकी तिच्या मधून जाते. काकांचं घर चारमध्ये. मी समोरच्या ओळीत, पाचमध्ये राहतो, म्हणजे त्यांच्या लेखी परमुलखातला.

पोरांचा चेंडू पलीकडे गेला की ओट्यावरून हाक येते, "हद्द पाह्यजा रे!" एकदा गल्लीतलं कुत्रं त्यांना चावलं. मी स्कूटरवर घालून दवाखान्यात नेतोय, तर मागे यांचं सुरूच. "कुत्रं पाचचं, पाय चारचा. मास्तर, तक्रार कोन्या नगरसेवकाकडं करा लागते?" पायातून रक्त वाहत होतं आणि हा माणूस अधिकारक्षेत्र ठरवत होता!

नव्या प्रभागरचनेचा कच्चा नकाशा लागला, की काका हरकत घेऊन हजर. टाइप मी करायची, कारण मी शाळेत मास्तर आणि माझ्या घरी प्रिंटर. मागणी दरवेळी एकच, गल्लीच्या दोन्ही ओळी एका प्रभागात घ्याव्यात. कारण ते तोंडी सांगत, "हद्द नाल्यावरून जावी, मोठ्या रस्त्यावरून जावी. आमची गल्ली नाला नाही. पावसाळ्यात राह्यते, पन ते लिहू नका."

काका निवडणुकीला उभे राहणार, अशी गावात चर्चा होती. एक पुढारी पेढे घेऊन आला. काकांनी पेढे ठेवून घेतले आणि तुमचा प्रभाग चुकला म्हणून त्याला वाटेला लावलं.

मध्ये काही वर्षं निवडणूकच झाली नाही. काका उन्हाळ्यात विहिरीत डोकावावं तसं रोज पेपरात डोकावत. अखेर नकाशा लागला, हरकत गेली, आणि सुनावणीला मी त्यांच्यासोबत गेलो. साहेबांनी नीट विचारलं, "काका, हद्द इथून गेली तर तुमचं नुकसान काय?" एरवी तासभर बोलणारे काका टोपी हातात घेऊन म्हणाले, "काही नाही साहेब." हरकत फेटाळली गेली.

परतताना टपरीवर ते बोलले. माझ्या भिंतीला भिंत लागून दौलतराव राहतात, ते काकांचे थोरले भाऊ. शेताच्या वाटणीत धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक बाभूळ कोणाची यावरून दोघांचं बोलणं तुटलं. बाभूळ पुढे वाळवीने खाल्ली. अबोला तसाच राहिला.

"पन मतदार यादीत आमी लागून होतो, मास्तर. दादाचं नाव, मंग माह्यं. मतदानाले दोघंबी सकाळीच जात होतो. दादा पुढं, मी मांगं. विधानसभेचं केंद्र त आधीच वेगळं झालं. हे एक नगरपरिषदेचं उरलं होतं, गल्लीतून हद्द गेली तवा तेही गेलं."

"अहो, पण दौलतराव रोज समोर दिसतात की!"

"दिसनं वेगळं अन् जवळ उभं राह्यनं वेगळं. दादाच्या सदऱ्याले तंबाखूचा वास येते. आमच्या बाच्या सदऱ्याले येत होता, तसाच."

"मग गल्ली ओलांडून जा ना. बारा पावलं नाहीत."

"बारा पावलाले कारन लागते, मास्तर. लाइनीत लागत नाही."

इतकी वर्षं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये या माणसाच्या नकला करून दाखवत होतो. मला माझीच लाज वाटली.

मतदानाच्या दिवशी मी पाचच्या केंद्रावर रांगेत उभा होतो. माझ्या मागे दौलतराव, रांगेत शेवटचे. चारचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तरी धुतलेला सदरा घालून काका शाळेच्या फाटकातून आत आले आणि सरळ दौलतरावांच्या मागे येऊन उभे राहिले. आर्णीतल्या सगळ्या हद्दी पाठ असलेला माणूस चुकीच्या रांगेत!

मग मान न वळवता दौलतराव म्हणाले, "तुयं नाव इथं नाही."

"मले माहीत हाये, दादा."

रांग एक पाऊल पुढे सरकली. दौलतराव सरकले, मागोमाग काकाही.

"मंग काहून उभा हायेस?"

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"राह्य मंग," दौलतराव म्हणाले. "लाइन काही लवकर सरत नाही."