खुशालरावांवर झेंडूचा पाऊस

व्हिडिओ होता तसाच दाखवला असता तर काही बिघडलं नसतं. पण अकोटचे नितेशभाऊ पडले कलाकार! (हे त्यांचं स्वतःचं मत. बाकी अकोट त्यांना शूटिंगवालाच म्हणे.)

झालं असं, की सासरे खुशालराव जाऊन वर्ष होत आलं होतं. कपाशीवर लाल्या रोग पडला, त्याच साली तापाचं निमित्त होऊन ते गेले. हा माणूस जन्मात कधी फोटोला उभा राहिला नाही. फक्त एकदा नितेशभाऊ नवा कॅमेरा घेऊन त्यांच्या वावरात गेले, शूटिंग करत मागे मागे सरकले आणि कपाशीची झाडं मोडत धपकन पाटात पडले. कॅमेरा तेवढा हातात वर राहिला, आणि त्यात खुशालराव बोळकं उघडून हसताना सापडले. तेवढंच त्यांचं चित्र.

"आई वर्षभरात एकडाव रडली नाही," रागिणी नवऱ्याला म्हणाली. "बाबाले हासताना पाहीन, तं मोकळी होईन. फक्त टीव्हीवर लावा. बाकी काही करू नका."

काही करू नका म्हटल्यावर नितेशभाऊंच्या हातांना खाज सुटली.

मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टिकल नावाची एक जादू असते. पडद्यावर पांढरे ठिपके भुरभुरतात, आणि ठिपक्याच्या जागी आपल्याला हवं ते चित्र घालता येतं. नितेशभाऊंनी झेंडूची पाकळी घातली. तिला गिरकी दिली, वारा दिला. किती पाकळ्या जन्मतील तो आकडा वाढवला, आणि एकेक पाकळी किती वेळ जगेल तोही ताणला. (सासऱ्यांचं आयुष्य ताणणं हातात नव्हतं, निदान पाकळीचं तरी! या विचारानं त्यांचे डोळे खरोखर भरून आले.) जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला म्हणून त्यांनी सुरुवातीचाच तुकडा पाहिला. दोन-चार पाकळ्या तरंगत खाली आल्या. झकास! लाइन जायची, म्हणजे भारनियमनाची वेळ झाली होती. घाईघाईनं सीडी काढली आणि जागा नाही म्हणून मूळ फाइल उडवून टाकली. कॅमेऱ्यातली कॅसेट? त्या साली लग्नंच कमी, नवी कॅसेट कोण घेतो? तिच्यावर केव्हाच वरूडचं एक बारसं चढलं होतं.

सासुरवाडीला वर्षश्राद्धाची पंगत उठली आणि सगळे टीव्हीसमोर बसले. खुशालराव आले. पाकळ्या आल्या.

"अवो बाप्पा, किती साजरं!" शेजारच्या पार्बताबाई म्हणाल्या.

मग पाकळ्या वाढल्या. आधीच्या मरायचं नाव घेईनात आणि वरून नव्या जन्मतच होत्या. खुशालरावांचं कपाळ गेलं, मिशा गेल्या, आणि हसायला तोंड उघडणार तर टीव्हीत नुसता दसऱ्याचा बाजार. नितेशभाऊंनी घाबरून रिमोट दाबला. चित्र थांबलं.

सासूबाई मैनाबाई उठल्या. टीव्हीजवळ जाऊन पदरानं काच पुसायला लागल्या.

"जावईबापू, थोडीशी फुलं बाजूले करा नं. तोंड दिसून नाही राह्यलं त्याईचं."

"होत नाई थे, आई."

"मंग बिनाफुलाचं लावा."

"थे... थे मी मिटवून टाकलं."

मैनाबाई काच पुसतच राहिल्या. नितेशभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागिणीनं टीव्ही बंद करायला रिमोट ओढला आणि भलतंच बटण दाबलं गेलं. झेंडूच्या ढिगाखालून आवाज आला, "उठा जावईबापू! पऱ्हाटी मोडली नं मायी!" आणि मग ते हसू, खो खो, खोकल्यात जाऊन अडकणारं.

मैनाबाईंचा हात तिथेच थांबला.

"अस्सेच हासे थे," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसून धाय मोकलून रडल्या. रडणं ओसरलं की म्हणायच्या, "परत लावा." सगळ्यांनी किती वेळा ऐकलं कोण जाणे.

अकोटला परतताना एसटीत नितेशभाऊंना जरा धीर आला.

"आवाज मात्र कसा साफ आला, नाई?" ते म्हणाले. "एरवी मी शूटिंगमधला मूळ आवाज पार काढून सनई चढवतो. लाइन चालली होती, म्हणून यावेळी राहून गेलं."

रागिणीनं डोळे पुसले.

"तुमच्या हातून जे कराचं राहून गेलं," ती म्हणाली, "तेवढाच माया बाप उरला."