अकरा जणांचं जनहित

जनहित म्हणजे किमान अकरा माणसांचं हित, अशी व्याख्या आमच्या मोफत कायदा मदत केंद्राने रीतसर ठराव करून स्वीकारली आहे. दहा माणसांवर अन्याय झाला तर ती त्यांची खासगी बाब समजावी, असं ठरावाच्या तळटिपेत म्हटलं आहे. अकराच का, हे मी कधी विचारलं नाही. ठराव माझ्या येण्याआधीचा होता आणि मी तसाही विचारणाऱ्यांतला नव्हे.

ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देता देता मी निवृत्त झालो. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसतोस, त्यापेक्षा चार लोकांच्या उपयोगी पड." म्हणून मी केंद्रात जाऊ लागलो. आलेल्या माणसाचा कागद वाचायचा, त्याचा गोषवारा रजिस्टरमध्ये लिहायचा आणि त्याला बाकावर बसवायचं, एवढंच काम. तेही आपल्याला जमतंय की नाही, याची मला खात्री नसे.

एका मंगळवारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. मापाची फीत गळ्यात तशीच होती. हातात खोली रिकामी करण्याची नोटीस. त्या खोलीत त्या, त्यांची अंथरुणाला खिळलेली आई आणि शिलाई मशीन.

"काका, काय लिहिलंय एवढं सांगा. मला फितीवरचे आकडे तेवढे कळतात."

मी नोटीस वाचली. मग परत वाचली, कारण एकदा वाचून माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की राहणाऱ्याने मुदतीत साध्या कागदावर हरकत नोंदवली तर सुनावणी होईपर्यंत त्याला बाहेर काढता येणार नाही. वकिलाची गरज नव्हती. चार ओळी आणि एक अंगठा. मुदत पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत होती.

तिथेच सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण मी काही वकील नाही. माझं चुकत असलं तर? म्हणून आत जाऊन संचालिका बाईंना नोटीस दाखवली.

"बरोबर वाचलंत," त्या म्हणाल्या. "चार ओळींत काम होईल."

"मग लिहून देऊ?"

"काका," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "त्याने फक्त त्यांचाच प्रश्न सुटेल."

मला माझीच लाज वाटली. किती कोता विचार करत होतो मी!

बाई बाहेर आल्या. त्यांनी ताईंना असेच आणखी दहा जण शोधून आणायला सांगितलं.

"माझ्यावर आलेली नोटीस पुरत नाही का?" ताईंनी विचारलं.

"पुरते ना. पण तुमच्यापुरतीच."

ताईंनी मशीन बंद ठेवलं आणि त्या इमारतीचे जिने चढत-उतरत राहिल्या. शुक्रवारी नऊ शेजाऱ्यांना घेऊन आल्या. ताईंना धरून दहा झाले. आईला अकरावी धरावं का, यावर समिती बसली. जी बाई अंथरुणातून उठतच नाही तिला घराबाहेर कसं काढणार, आणि काढता येत नसेल तर तिला पीडित कसं म्हणणार, असा मुद्दा निघाला. मंगळवारी, एका मताच्या फरकाने, आई ही व्यक्ती असल्याचं मान्य झालं.

मग पाहणी सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी पन्नास तास समाजसेवा दाखवावी लागते. चौऱ्याऐंशी प्रश्नांची प्रश्नावली घेऊन त्यांनी दोन दिवस इमारत पिंजून काढली. एका मुलीने ताईंना विचारलं, "घर जाण्याची भीती एक ते दहा यांत कितीशी वाटते?"

"पोरी, माझा अंगठा कुठल्या कागदावर लागतो, ते सांग ना."

"ते प्रश्नावलीत नाही, मावशी. मी 'सात' लिहू का?"

ज्यांचे तास अजून भरत नव्हते, त्यांनी इमारतीच्या भिंतीवर 'आपला हक्क ओळखा' असं हातभर अक्षरांत रंगवलं. भिंत विद्रूप केली म्हणून मालकाने सगळ्यांना दुसरी नोटीस धाडली. केंद्रात आनंदीआनंद झाला. प्रकरण आता दुप्पट भक्कम झालं होतं.

शुक्रवारी तीनशे बारा पानांची याचिका तयार होती. ती लिहिणारे केंद्राचे वकीलसाहेब फी घेत नाहीत, त्यामुळे त्यांना घाईही करता येत नाही. ती सोमवारी दाखल करायचं ठरलं, कारण सोमवारी समाजसेवा दिन होता आणि छायाचित्रकार येणार होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच सभेत तोंड उघडलं.

"उद्या हरकतीची मुदत संपते. निदान ताईंच्या त्या चार ओळी..."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "काका, त्यांनी हरकत घेतली की त्या सुरक्षित झाल्या. म्हणजे पीडितांतून वजा. उरले दहा. याचिका पडली! एका बाईसाठी दहा जणांना वाऱ्यावर सोडायचं म्हणता?"

असं मी म्हणत नव्हतो. पण आपण नकळत तसंच म्हणत असू, असं वाटून मी खाली बसलो.

बाहेर बाकावर ताई होत्या. "काका, होतंय ना काम?"

"जोरात चाललंय," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, "या अकरांपैकी मुदतीत हरकत कुणी घेतली?"

"एकानेही नाही," वकीलसाहेब अभिमानाने म्हणाले. "सगळे शेवटपर्यंत संघटित राहिले."

याचिकेत महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असल्याने ती दाखल करून घेण्यात आली. तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मंगळवारी खोल्या रिकाम्या झाल्या. चौघांनी मशीन खाली आणलं, दोघांनी आईला खुर्चीवर बसवून. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही बाहेर काढता येतं, हे सिद्ध झाल्याची नोंद समितीने घेतली.

केंद्राच्या शिस्तबद्ध कामावर मालक इतके खूश झाले, की ताईंची खोली त्यांनी आमच्या 'बेघर साहाय्य उपकेंद्रा'ला दिली. माझं टेबल खिडकीशी आहे, मशीन होतं तिथे. उजेड छान येतो. बारीक अक्षरंही स्पष्ट दिसतात.

परवा ताई आल्या. सवयीने चपला कोपऱ्यात काढल्या, मग भानावर येऊन बाकावर बसल्या. आई आता भावाकडे आहे, त्या मावसबहिणीकडे. मशीन कुणाकडेच मावलं नाही.

"दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा अजून तिथेच राहतात," त्या म्हणाल्या. "ते आपल्या अकरांत नव्हते. नातीकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि देऊन आले म्हणे. नोटिशीतच लिहिलं होतं तसं."

मी रजिस्टर उघडलं.

"तुम्ही वाचलं होतं ना, काका?"

आवाजात राग नव्हता. मी हो म्हणालो. दोनदा वाचलं होतं, असंही सांगितलं.

"मग?"

मग काय, हे मला सुचलं नाही, म्हणून घरी येऊन हे सगळं लिहून काढलं. ज्यांना मी हे वाचायला दिलं, ते सगळे फार हळहळले. तुम्हीही सवडीने, शेवटपर्यंत वाचलंत. ताई अजून बाकावर बसून आहेत.