एरर सात

मे महिन्यात सगळं सोलापूर घामानं निथळत असताना रुद्रप्पा मात्र स्वेटर घालून कामाला बसायचा. चादरींच्या गिरणीत नवा कॉम्प्युटर आला होता. कपाटाएवढ्या त्या यंत्राला उकाडा सोसत नाही, म्हणून त्याच्या खोलीला एसी बसवला होता. सबंध गिरणीत तेवढा एकच. गोदामात नाकातोंडात कापूस जाईस्तोवर गाठी उचलणारा रुद्रप्पा त्याचा ऑपरेटर झाला, तेव्हा तो आपल्या गावी, मंद्रूपला जाऊन अख्ख्या गावाला ही बातमी सांगून आला होता.

त्या सकाळीही चहा घ्यायला सगळं ऑफिस त्याच्या खोलीत जमलं होतं. चालता चालता यंत्र थांबलं, लाल दिवा लागला आणि कागदावर टाइप झालं : 'एरर सात'.

"साठ्याचा तक्ता संध्याकाळी मालकांच्या टेबलावर पाहिजे," मॅनेजर त्रिंबकराव म्हणाले. "नाही मिळाला, तर यंत्र मुंबईला परत आणि तू गोदामात."

"बगतोच की कसं चालत न्हाय ते!"

रुद्रप्पानं यंत्राचं जाडजूड पुस्तक उघडलं. एरर सहा आणि एरर आठ पानंच्या पानं भरून समजावले होते. सातपुढं मात्र एकच ओळ होती : ऑपरेटरला विचारा. रुद्रप्पानं मान वर केली, तर सगळी खोली त्याच्याकडंच बघत होती.

मग त्यानं वायरमन नागप्पाला बोलावलं. नागप्पानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच डोळे मिटले. "आई गं! काय गार हाय हितं!" एवढ्या वायरी तपासणं एकट्याचं काम नव्हे, म्हणून त्यानं आपली सगळी माणसं आणली. त्रिंबकरावांनी देखरेखीसाठी खुर्ची मागवली. झाडणाऱ्या केसरबाई फडकं घेऊन आल्या, एकदा फिरवलं आणि कोपऱ्यात पाय पसरून बसल्या.

"कळलं का काय, नागप्पा?" रुद्रप्पानं विचारलं.

"घाई नगा करू. मोठं दुखणं हाय. चार-पाच दिवस जात्यात बघा."

चार-पाच दिवस म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. रुद्रप्पाचा तेवढा पडला.

तरी तो हटला नाही. त्यानं कोपऱ्यातल्या फोनवरून मुंबईच्या इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. बऱ्याच वेळानं तो लागला.

"खोली गार आहे ना?" पलीकडून इंजिनिअर ओरडला.

"लई गार! म्हनून तर सगळी हितंच बसल्यात!"

पलीकडचा माणूस काहीतरी कळवळून बोलू लागला आणि लाइन तुटली.

जेवणाचा भोंगा झाला. पोटापुढं गारव्याचं काही चाललं नाही. खोली रिकामी झाली. यंत्र चालू होईपर्यंत घास घ्यायचा नाही, असं ठरवून रुद्रप्पा एकटाच दार लावून ठाण मांडून बसला. सकाळी गर्दी जमल्यावर काढून ठेवलेला स्वेटर त्यानं गारठून पुन्हा अंगात घातला. सहज त्यानं बटण दाबलं. दिवा विझला आणि यंत्र खडखडत तक्ता छापू लागलं. रुद्रप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मालक आले आणि त्यांच्यामागून जेवून सुस्तावलेली सगळी मंडळी. तक्ता अर्धा झाला, स्वेटरात रुद्रप्पाला घाम फुटला आणि यंत्र थांबलं. एरर सात.

रुद्रप्पानं स्वेटरकडं पाहिलं. मग गर्दीकडं पाहिलं. त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

"मालक, यंत्राला उकडतंय."

"एसी चालू हाय की!"

"एसी एक आन् मानसं किती! हितं एकच मानूस पायजे. समदे बाहेर व्हा." गोदाम त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. "आन् मालक, तुमी बी."

त्रिंबकरावांनी छातीवर हात ठेवला. मालकांनी रुद्रप्पाला आपादमस्तक न्याहाळलं आणि ते बाहेर, व्हरांड्यातल्या रणरणत्या उन्हात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं आतून खडखड ऐकू आली.

संध्याकाळी तक्ता टेबलावर होता. घाम पुसत मालकांनी तो पाहिला.

"यंत्र राहील. तूबी राहशील," ते म्हणाले. मग विचारात पडल्यासारखे म्हणाले, "एकच मानूस म्हनालास, न्हवं?"

"व्हय, मालक. एकच!" रुद्रप्पानं अभिमानानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वेटर हातावर टाकून पेढे घेऊनच आला. खोलीच्या दारावर नवी पाटी होती : 'आत एकच माणूस'. काचेतून त्याला मालकांचं टेबल दिसलं, मालकांची खुर्ची दिसली आणि खुर्चीत मालक. बाहेर व्हरांड्यात, उन्हात, ऑपरेटरचं स्टूल ठेवलं होतं.

मालकांनी दार बोटभर उघडलं.

"दिवा लागला की हाक मारीन. मी बाहेर आलो की तू आत जा." रुद्रप्पा स्टुलावर टेकला, तेव्हा दारातून मालकांचा हात बाहेर आला. "आन् रुद्रप्पा, तुजा त्यो स्वेटर दे बघू. हितं लई गार हाय."