डिक्शनरीत नसलेले अर्थ

आमच्या मानवतमध्ये दिगंबरकाकांच्या दारावरून पुढं जायचं, तर आधी एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. दूधवाल्याला सूट नाही, मलाही नाही. आणि मी तर शाळेत इंग्रजी शिकवते!

"थांबा मॅडम! कॉन्फिडन्स म्हंजी काय?"

"आत्मविश्वास. जाऊ द्या काका, पहिला तास आहे माझा."

"ह्यॅ! हे डिक्शनरीतलं झालं. बिनमिठाचं वरन! कॉन्फिडन्स म्हंजी, वांग्याची भाजी न चाखता पावन्याला वाढायची. आता बोला!"

पेशन्सचंही तेच. "देवगाव फाट्यावर भरलेली यष्टी न थांबता निघून गेली, अन् आपन दुसरा चहा सांगितला, त्याला म्हनायचं पेशन्स." चाचणी परीक्षेत माझ्या अर्ध्या वर्गानं हाच अर्थ लिहिला. अस्सा संताप आला मला! तडक भांडायलाच गेले त्यांच्या घरी.

आत काकू पलंगावर पडून होत्या. लकव्यानं त्यांची वाचा जाऊन सहा महिने झाले होते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काका उशाशी बसून अगदी रंगात येऊन सांगत होते, "अन् हे ऐक, इमर्जन्सी म्हंजी..." काकूंची नजर छताला लागलेली.

मला बघून काका ओशाळले. "हिला लय नाद होता मॅडम. टीव्हीवरचा एकेक शब्द विचारायची, अन् मी सांगितलं की माझ्याशीच वाद घालायची. डॉक्टर म्हनले, बोलत ऱ्हावा तिच्याशी. मंग रोज नवा माल नको का? एक डाव बोलू द्या हिला. शिवी दिली तरी चालंल."

भांडायचं सोडून मी काकूंच्या पलंगाशी टेकले. त्या दिवसापासून शाळेतून येताना मीच एकेक शब्द घेऊन जायला लागले.

परवा सकाळी मी वेणी घालत होते, तर बाहेर आरडाओरडा. बघते तो काका बनियनवरच रस्त्यात, एका पायात चप्पल!

"मॅडम! ओ मॅडम! ती बोलली!"

मी अर्धी वेणी तशीच धरून धावले. "काय बोलल्या? सांगा ना काका!"

"मी म्हनलं, हजबंड म्हंजी घरातला सगळ्यात शाना मानूस." काकांना हसू आवरेना, रडू आवरेना. "तर माझ्याकडं बघितलं अन् म्हनली, न्हाई! साफ न्हाई म्हनली, मॅडम!"